जुगाले लागलेलं शेपूट

यवतमाळ, मिशन कंपाउंड
ता. १० जानेवारी १९६२

ती. स्व. नेमसिंगदादाले नात लालीचा सा. न. वि. वि. याडीच्या अन बाच्या पाया पडते. वाचून दाखोनाऱ्या जफरचाचाले सलाम.

आंधी माफी मांगते. हे पत्र मी टायपाच्या मशीनवर मारून राह्यली. एकेक अक्षर हुडकून बोट मारा लागते, म्हनून जेवनं झाल्यावर बसली तं आता दिवे लागाची येळ झाली. लिहिन्यात चुका दिसल्या तं हासू नोको, अन चाचाले बी हासू देऊ नोको. शाळा पाचवीत सोडली तवा ऱ्हस्व-दीर्घ तठीच राह्यलं. मास्तर उभं करून मोठ्यानं वाचाले लावे अन माह्या घशात गोळा येऊन बसे, हे तुले मालूमच हाये.

इथं बरं हाये. पाळकसाहेब भिंगारदिवे नगरकडचे हायेत, नवेच आले. त्याइचं बोलनं पुस्तकासारखं. मी नुसती मुंडी हालवते. त्याइच्या बायकोनं, शकुबाईनं, मले पह्यल्याच हप्त्यात पुसलं का तुले जीभ हाये का नाही. मंग त्याच म्हनाल्या का ज्याले तोंडानं बोलता येत नाही त्यानं बोटानं बोलावं, अन मशीनीवर बसवलं. घरकाम करते, मशीन शिकते. शकुबाई रागावते बी मायेनं.

सांज झाली का करमत नाही. पोट्ट्या रिंग खेळते, शकुबाई स्वेटर विनते, अन मी पायरीवर बसून म्हनते, आता दादानं फाट्यावर चाचाच्या सायकलच्या दुकानात आजीचा पट पसरला असन. इथं कोनाले पट मालूम नाही. एका पोट्टीले सांगाले गेली का आपल्या दोन सोंगट्या एकाच घरात जोडीनं बसल्या का त्याले जुग म्हनते, अन जुगाले एकटी सोंगटी मारू शकत नाही. पन एवढं माह्या तोंडातून निंगे तवर ते रिंग झेलाले पळाली.

गेल्या इतवारी साहेबानं फुरसतीवर उपदेश केला. म्हनाले, कामाचा जाब तं सारेच देते, फुरसतीचा बी देवाले द्या लागन. खेळून उठल्यावर मन हलकं झालं का जड, शेजारी जवळ आला का दूर गेला, हे ज्याचं त्यानं पाहावं. सिनेमाच्या तंबूचं नाव घेतलं, पत्त्याचं घेतलं, जुगाराचं तं लय येळा घेतलं. विनकाम बरं म्हनाले. मी तवापासून इचार करून राह्यली. स्वेटर हातात राह्यते. पटाचं काय राह्यते? तुले समजलं तं सांगजो.

आता खरी गोठ. ईस्टरच्या बाप्तिस्म्याची नावं घेनं चालू हाये. तू म्हनला होता तसं तुहं नाव मी शकुबाईले सांगतलं. सांगतलं म्हंजे मशीनवर मारून देल्लं. साहेब सोता तांड्यावर येऊन तुले भेटनार हायेत. इथल्या कब्रस्तानात आजीच्या बाजूची जागा अजून रिकामी हाये. मी दर इतवारी जाते, कन्हेरीचं फूल ठेवते. बाप्तिस्मा नसला तं तठी जागा भेटत नाही. म्हनून हात जोडते, साहेब आले का नीट बोलजो. होळीचं गानं, लेंगी, म्हनून दाखवू नोको.

माया हाये तशीच राहू दे, जराक बी पातळ करू नोको.

तुही नात
लाली

•

मारेगाव फाटा
ता. २ फेब्रुवारी १९६२

चि. लालीस दादाचे अ. उ. आ.

लिहिनार जफर सायकलवाला. बुढा बोलते तसं लिहून राह्यलो, कंसातलं तेवढं माहं.

तुहं पत्र भेटलं. चाचा हासला. (झूठ. बुढाच हासला. मले म्हने, पोट्टी मशीनीवर बसली पन अक्षरं चालून राह्यली बैलगाडीनं.) याडीनं तुह्यासाठी बोराचं वाळवन ठेवलं हाये. काळ्या गाईले गोऱ्हा झाला. थंडी लय हाये, माहा खोकला जात नाही, पन बिडी सोडली म्हनून साहेबाले सांगजो. (अर्धी सोडली.)

साहेब येऊन गेले. बरा मानूस हाये, पायी आला फाट्यापासून. त्या रोजी आमी माह्या ओट्यावर पट मांडला होता अन डाव असा आला होता का काय सांगू. माह्या दोन लाल सोंगट्याइचं जुग जमलं होतं अन चाचा एकट्या हिरवीवर मरू मरू करून राह्यला होता. मी बोंबलून राह्यलो होतो जुग हाये रे माहं, जुग! अन मांगं साहेब उभे. मी उठून रामराम केला. त्याइनं सलाम केला. मंग त्याइनं लय मायेनं मले पुसलं का तुमी जुग खेळता काय. मी म्हनलं, हो साहेब, रोज. सांजच्याले तं चुकतच नाही. पुसलं, किती वर्सापासून. म्हनलं, मिसरूड फुटलं तवापासून. त्याइचं तोंड जराक उतरलं. मले वाटलं उनानं. म्हनून मी आनखी सांगतलं का माही बायको बी खेळे, मीच शिकवलं तिले, अन तुमच्या घरी हाये ते लाली, तिले बी मांडीवर बसवून मीच शिकवलं. अन हे जफरभाई बी खेळते, आमच्यात जातधर्म आडवा येत नाही. साहेबानं चहा बी घेतला नाही. प्रार्थना करून गेले. प्रार्थना लय लंबी केली. मले बरं वाटलं. पाळक असून आपल्या खेळाची पुसपास केली, असा मानूस भेटत नाही.

(साहेबाचं बोलनं नगरकडचं. जुगाले बी मांगं शेपूट लावून बोलते. बुढ्याच्या कानात तं तसंबी अर्धंच जाते. मले वाटलं, तिकडं तसंच म्हनत असन.)

पोरी, तुह्या आजीनं बाप्तिस्मा घेतला तवा मले बी चल म्हने. मी म्हनलं, घरात एकानं तरी होळीले लेंगी म्हनाले पाह्यजे. मस्करीत राह्यलं ते राह्यलंच. आता ते दवाखान्यातून परस्पर तिकडं जाऊन निजली अन मी इकडं. मानूस मस्करी करते, देव लिहून घेते. तू माहं नाव नीट मारलं ना मशीनीत? नेमसिंगचा न पुरा मारजो.

पटाचं काय राह्यते ते मले मालूम नाही. इचार करून सांगतो. तुह्या आजीले पुसलं असतं तं तिनं चटकन सांगतलं असतं.

(बेटी, तुह्या आजीनं पटावर मराच्या भीतीनं पळनाऱ्या सोंगटीसाठी ज्या फुल्या टाकल्या, त्या आडव्या नाही, उभ्या क्रूसासारख्या टाकल्या. त्या घरात बसलेल्याले कोनी मारत नाही. म्हनून मी आपला दर डावात पळत जाऊन तिच्या क्रूसावर बसतो. बुढा म्हनते, ह्याचा बाप्तिस्मा माह्या आंधी झाला.)

आशीर्वाद भरपूर हायेत, पुरवून वापरजो.

नेमसिंग (अंगठा), ह. जफर

•

यवतमाळ
ता. १५ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. दादाले लालीचा सा. न. वि. वि.

कसं लिहू ते समजत नाही, म्हनून आंधी बोराच्या वाळवनाची गोठ लिहिते. भेटलं. शकुबाईनं मूठभर खाल्लं अन म्हनाल्या का असं नगरात भेटत नाही.

दादा, इतवारी नावं वाचली. तुहं नाव नव्हतं. मी दोन्ही कान देऊन आयकत होती. शेवटचं नाव झालं, गानं चालू झालं, तुहं आलंच नाही. घरी आल्यावर चुलीपाशी शकुबाईनं मले जवळ बसवलं अन सांगतलं का तुह्या दादाले जुगाराचं व्यसन हाये, म्हनून साहेबानं नाव मांगं ठेवलं. साहेबानं तुले तोंडावर पुसलं अन तू मोकळ्या मनानं कबूल झाला म्हने. वरून बायकोले अन नातीले बी तूच शिकवलं म्हनून सांगतलं. शकुबाईच्या डोळ्यात पानी होतं. त्या म्हनाल्या, मानूस खरं बोलला, एवढीच आशा हाये.

माह्या मनात आलं का सांगावं, आमी पैसा लावत नाही. एक पैसा बी नाही. पन भाकर तव्यावर जळाली तरी शब्द निंगाला नाही. मंग रातभर वाटलं, ह्या लोकाइच्यात कवडी हातात घेतली का तिलेच जुगार म्हनत असन. पत्ते आले का तेच, कवड्या आल्या का तेच. शकुबाई शिकलेल्या हायेत, मी पाचवी.

तुले सांगाचा मले हक्क नाही. तूच मले दहा मोजाले कवड्याइनं शिकवलं. पन दादा, ईस्टर पावतर पट बंद कर. नुसता घडी करून ठेव. देवळाचे पंच पुन्हा एकदा इचार करतीन असं शकुबाई म्हनते. मी काल आजीच्या जागेवर गेलती. बाजूले कोनीतरी वीटा आनून टाकल्या. मले वाटलं, कोनाची तरी कबर बांधून राह्यले. माळीबुवा म्हनाला, कुंपनासाठी हायेत. तरी मी त्या वीटा एका बाजूले सरकवल्या.

मले देवाचा राग येत नाही. कवड्याइचा येते.

चुकलं असन तं पदरात घे, अन पत्र धाडाले येळ लावू नोको.

तुही
लाली

•

मारेगाव फाटा
ता. २४ फेब्रुवारी १९६२

चि. लालीस अ. उ. आ.

पट बंद केला. घरात राह्यला तं हात जाईन, म्हनून चाचासोबत तुह्याकडं धाडून राह्यलो. तो पुढच्या हप्त्यात सायकलचं सामान घ्याले यवतमाळले येते. कवड्या अन सोंगट्या त्याच्यातच बांधल्या हायेत. ऊन दाखवजो, कसर लागू देऊ नोको. तुह्या आजीचे टाके हायेत.

तू वीटा सरकवल्या ते बरं केलं.

दादा

बेटी लाली, बुढा घरी गेला. आता हे माहं. दुआ.

त्यानं तुले चारच ओळी सांगतल्या, म्हनून बाकीच्या मी लिहितो. पट बंद झाल्यापासून ह्या मानसाचं काय झालं ते तुह्या साहेबाले मालूम पाह्यजे. आंधी सांजच्याले माह्या दुकानात बसे अन तोंडातून जुग सोडून दुसरा शब्द निंगत नव्हता. आता तांडाभर फिरते. कोनाच्या घरी काय शिजलं, कोनाची सून माहेरी काहून गेली, सारं याच्याजवळ. मथुराबाईच्या सुनेची गोठ बिजलीबाईले सांगून बसला. दोघी विहिरीवर अशा भांडल्या का घागर फुटली. मंग मधात पडाले बी हाच गेला. देवीलाल, म्हंजे तुहा बा, मले म्हनते, चाचा, ह्याले काही तरी खेळाले द्या.

अन रिकामा राह्यला का जेवत नाही. परवा दुकानात येऊन बसला. मी पंक्चर काढत होतो. त्यानं खाली धुळीत बोटानं पट ओढला, चार हात, मधात घर. पाहात बसला. मंग पायानं पुसून टाकला अन म्हने, साहेब आला असन.

आमच्यात बी बुजुर्ग बोलते. वालिदसाहेब मले दर जुम्म्याले सांगते का हे कवड्या फेकनं बरं नाही. मी मान खाली घालतो. पन घरात गौहर, तुही चाची, म्हनते, पटावर बसला का मले तुमचा पत्ता तं मालूम राह्यते.

मी काही सांगनारा नाही. पंक्चरवाला मानूस. हवा कुठून निंगते तेवढं समजते.

खुदा तुले बोलाची हिंमत देवो.

जफर

•

यवतमाळ
ता. ६ मार्च १९६२

ती. स्व. दादाले लालीचा सा. न. वि. वि. जफरचाचाले सलाम.

हे पत्र मी लवकर लवकर मारून राह्यली. शकुबाई म्हनते, मशीन तुटन. तुटू दे.

चाचा गाठोडं देऊन सामान घ्याले गेले. मी पट वऱ्हांड्यात उनाले पसरवला. तुह्या बिडीचा वास आला. अर्धी सोडली म्हने. शकुबाई टाके पाहून खालीच बसल्या, बोटानं चाचपून पाहाले लागल्या, अन आतून साहेबाले हाक मारली का पाहा तं हे काम. साहेब आले. पह्यले टाक्याइत बसवलेले आरसे पाह्यले, मंग उभ्या फुल्या पाह्यल्या. त्याइनं मले पुसलं का ह्या कापडावर क्रूस कोनी टाकले अन काहून.

दादा, तोंडानं होत नव्हतं म्हनून गाठोडं सोडलं, दोन लाल सोंगट्या काढल्या अन एका फुलीवर जोडीनं ठेवल्या. साहेब वाकून पाहाले लागले. म्हनाले, एका घरात दोघं कसे?

मी म्हनलं, जुग.

त्याइले आयकू आलं नाही. त्याइनं कान पुढं केला. मी पुन्हा म्हनलं, जुग. एवढंच. तिसऱ्या येळी तं मी ओरडली असन, काहून का बाहीर रिंग खेळनाऱ्या पोट्ट्या थांबल्या.

साहेब पायरीवर बसले. मंग एकेक शब्द तोलून पुसलं का तुझे दादा रोज जे खेळतात ते हे, जुग? मी मुंडी हालवली. त्याइनं पुसलं, जुगार नाही? मी अशी मुंडी हालवली का वेनीचा फटका शकुबाईच्या नाकाले बसला.

मंग साहेब हासाले लागले. डोक्याले हात लावून हासले, डोळे पुसले, पुन्हा हासले. शकुबाई नाक धरून त्याइच्यावर बरसल्या. म्हनाल्या, म्हाताऱ्या मानसाले नगरची भाषा ऐकवून पापी ठरवून आलात, अन मी बी ह्या पोरीपाशी रडले. साहेबानं कान धरले. खरंच धरले दादा, दोन्ही.

पन हासू सरल्यावर साहेब म्हनाले का चूक माझी, ती मी दुरुस्त करतो, पण पंच पुसतीन का पैसा नसला म्हनून खेळ चांगला कसा. तेवढं तुह्या दादालाच पुसतो. ते पत्र सोता लिहून राह्यले. मी मारून देते म्हनलं तं म्हनाले, नको, हे हातानंच लिहायला पाहिजे. ते याच्यासोबत धाडते.

नीट सांगजो. मस्करी करू नोको. देव लिहून घेते म्हनतो ना तू.

लोभ धरून बसजो, सोडू नोको.

लाली

•

यवतमाळ
ता. ६ मार्च १९६२

रा. रा. नेमसिंगजी यांस,
शांतवन भिंगारदिवे याचा सप्रेम सलाम वि. वि.

मी आपल्याला एक विचारले, आपण दुसरे ऐकले, आणि आपले उत्तर मी तिसरेच समजलो. आपल्या ओट्यावर चहाही न घेता उठलो, त्याची लाज वाटते. कृपा करून मला क्षमा करावी.

आपले नाव मी पंचांपुढे पुन्हा ठेवणार आहे. पंच भले लोक आहेत, पण ते विचारतील ते मी आपल्याला आधीच विचारतो. खेळात पैसा नाही, हे उत्तम. पण वेळ तर जातोच, आणि वेळही देवाचीच देणगी आहे. हरणारा काय देतो? जिंकणाऱ्याला काय मिळते? खेळून उठल्यावर आपण देवाच्या जवळ जाता की दूर? हे मी वरचा माणूस म्हणून विचारत नाही. मी स्वतः लहानपणी कधीच काही खेळलो नाही. आमच्या घरी खेळ म्हणजे पापाचा चुलतभाऊ समजत. म्हणून मला खरेच ठाऊक नाही.

आपण जे सांगाल ते, एक शब्द न बदलता, मी पंचांना वाचून दाखवीन. लाली आता तीन शब्द बोलते. तीनही एकच.

आपला लोभ मी गमावला नसावा ही आशा.

शांतवन भिंगारदिवे

•

मारेगाव फाटा
ता. १८ मार्च १९६२

पाळकसाहेबाले नेमसिंगचा रामराम अन सलाम, दोन्ही. लिहिनार जफर.

साहेब, माफी कायले मांगता. मीच अर्ध्या कानाचा. पुढच्या बारीनं चहा दोन कप घ्या, मिटलं.

तुमी पुसलं हारनारा काय देते. द्या लागते साहेब, झूठ नाही बोलत. (अरे बुढ्या, आता आनखी काय काढते!) माह्या बायकोनं, रुक्मीनं, बाप्तिस्मा घेतल्यावर तिनं नेम काढला. ते जितली का मी प्रभूची प्रार्थना म्हनाची. मी जितलो का तिनं होळीच्या लेंगीची एक ओळ म्हनाची. म्हनल्याबिगर दुसरा डाव मांडाचा नाही. आमचा नेम असा. तिले मरतवर लेंगीच्या दोनच ओळी आल्या. मले प्रार्थना पुरी येते. यावरून कोन जास्त हारलं ते पंचाइनं समजून घ्यावं.

ते कवड्या टाकाच्या आंधी मुठीत फुंकर मारे. मी म्हनो, हे चोरी हाये. ते म्हने, चोरी नाही, हवा हाये.

आता जफरभाई हारला का तो त्याची दुआ म्हनते, मी हारलो का माही म्हनतो. (हे माह्या वालिदसाहेबापावतर जाऊ नये, एवढी मेहरबानी करा.) कापूस वेचनीत आमी पट काढत नाही. इतवारी काढत नाही, रुक्मीले चालत नव्हतं.

वेळ जाते म्हनता, ते खरं हाये. पन साहेब, आमी दोघं दिवसभर बोलत नव्हतो. ते निंदाले जाय, मी ढोराइमांगं. घरी आलो का भाकर, अन भाकर झाली का झोप. भांडन नाही, पन गोठ बी नाही. पटावर बसलो का मंग तिचा आवाज मले आयकू येई. सोंगटी मारली का हासे. तेवढा वेळ गेला नसता तं मले माही बायको कोन होती तेच मालूम पडलं नसतं.

देवाजवळ जातो का दूर ते मले सांगता येत नाही. मी त्याच्याजवळ हारत हारत आलो एवढं खरं.

लालीनं मले पुसलं होतं का पटाचं हातात काय राह्यते. तिले सांगा का हातात नाही राहात, तोंडात राह्यते. अन जुग एकदा जमलं का ते फोडाले कोनाच्या बापाच्यानं होत नाही. एकटी सोंगटी कोनी बी मारते. तीन वर्सं झाली, मी एकटी सोंगटी हाओ. आता नाव घेता का नाही ते तुमी पाहा.

माया असू द्या, पन पट वापस धाडा.

नेमसिंग (अंगठा)

(साहेब, एक शब्द बदलू नका म्हनलं, मी बी बदलला नाही. लिहितानी दोनदा चष्मा पुसला, म्हनून अक्षर वाकडं. जफर.)

•

यवतमाळ
ता. २५ एप्रिल १९६२

जफरचाचाले लालीचा सलाम अन नमस्कार. चाचीले बी सांगा.

दादा अजून चार रोज इथंच राह्यनार. दवाखान्यातल्या डॉक्टरनं खोकल्यावर दवा देल्ली हाये. याडी अन बा काल वापस निंगाले, भेटले असतीन. तुमाले दुकान सोडून येता आलं नाही म्हनून दादा म्हनते सारं लिहून धाड, अन तिखट मीठ लावू नोको. मी मशीनवर मारून राह्यली. शकुबाई म्हनते, आता बैलगाडीची धावती दमनी झाली.

दादाचं पत्र साहेबानं पंचाइले वाचून दाखवलं, एक शब्द न बदलता. तुमचं कंसातलं बी. वालिदसाहेबाचं आयकून सारे हासले, पन बाहीर कोनी सांगनार नाही म्हनाले. एक बुढे पंच होते, कडक. त्याइनं एवढंच पुसलं का प्रार्थना खरंच पुरी येते का. साहेब म्हनाले, ईस्टरले मंडळीपुढंच आयकू.

मंग मले भेव लागलं. एवढ्या लोकापुढं उभं राहून म्हनाचं. मी असती तं मेली असती.

दादा उभा राह्यला. डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. साहेबानं सांगतलं, म्हना. अन चाचा, त्यानं अशी म्हनली का भिंतीवरची पाल हालली. एक बी शब्द चुकला नाही, अडखळला नाही. जसा तुमच्या दुकानात म्हनते तसा, जराक चिडून, लवकर लवकर, पुढचा डाव मांडाची घाई असल्यासारखा. शेवटी आमेन म्हनला, अन सवयीनं हात पुढं करून मोठ्यानं बोलला, टाक आता.

सारी मंडळी पाहातच राह्यली. कडक पंचानं चष्मा वर केला. साहेबानं खालचा ओठ दातात धरला. अन मी हासली. मोठ्यानं. भरल्या देवळात. मले थांबताच आलं नाही. शकुबाईनं मले चिमटा घेतला अन त्याच हासाले लागल्या. कोनीतरी मांगं म्हनलं का हे पोट्टी मुकी नव्हती काय.

मंग पानी टाकलं. पागोट्यानंच तोंड पुसलं त्यानं.

दुपारी जेवल्यावर दादा म्हने, जागा दाखव. मी, दादा अन साहेब, तिघं गेलो. वीटा नव्हत्या, कुंपन झालं. दादा आजीच्या बाजूच्या गवतावर बसला. मंग काय मनात आलं त्याच्या, पागोटं उशाले घेऊन लंबा झाला. साहेब घाबरले, म्हनाले, नेमसिंगजी, उठा, अजून वेळ हाये. दादा म्हने, मापात हाये का ते पाहून राह्यलो, जागेचं काही सांगता येत नाही. पाय पुरते का ते पाह्यलं, कूस बदलून पाह्यलं. मंग आजीच्या बाजूनं तोंड केलं अन आपल्या घरात बोलते तसा बोलला. म्हने, रुक्मे, जुगाची जागा धरून ठेव. माही सोंगटी दोन घरं मांगं हाये. घाई करू नोको, अन फुंकर मारू नोको.

साहेब तिकडं तोंड करून उभे राह्यले. मी कन्हेरीचं फूल ठेवलं. या बारीनं मधात ठेवलं, दोघाइच्या मधात.

सांजच्याले दादानं वऱ्हांड्यात पट पसरवला. साहेबानं सोताहून मांडी घातली. तीन सोंगट्या मेल्या त्याइच्या, अन शेवटी हारले. नेमाप्रमानं लेंगीची ओळ म्हना लागली. नगरच्या बोलीत लेंगी कशी लागते ते तुमी आयकाले पाह्यजे होतं. दादा म्हने, साहेब, आता उठल्यावर मन हलकं झालं का जड? साहेब म्हनाले, उद्या परत बसू, मग सांगतो.

दादा तुमाले निरोप देते का आता मी तुह्या बरोबरीचा झालो, आता मी बी क्रूसावर बसीन. अन तवर कवड्या टाकाची प्रॅक्टिस कर, नाही तं दुआ म्हनू म्हनू घसा बसन.

चाचा, तुमी माह्यासाठी बोलाची हिंमत मांगितली होती. एकाच शब्दापुरती भेटली, पन तेवढीच पाह्यजे होती. माया राहू द्या, अन चाचीच्या हातच्या शेवया ईदेच्या आंधी सरू देऊ नका.

तुमची
लाली

ता. क. आज सकाळी कंपाउंडच्या पान्याच्या टाकीत घोरपड निंगाली. दादा म्हने, हिचा बी बाप्तिस्मा झाला.